पिस्टनवरचा बाण

देवराव : नाही बाई, पोतं पाहून मी काही सांगत नसतो. पहिले मशीन टेबलावर येऊ द्या, चार नट खोलू द्या, मंग विचारा का झालं ते. या दुकानाचा नेमच हाय तो.

मिनल : माहीत आहे. व्हिडिओत तुम्ही हेच म्हणाला होता, उघडल्याशिवाय बोलायचं नाही म्हणून.

देवराव : तुम्हीबी पाह्यला का तो? माह्या भाचीनं काढला, प्रीतीनं. म्हणे, मामा, तुमच्या जुन्या मशिनी जगाले दाखवू. मी म्हटलं, जगाले लाकूड कापाची मशीन पाहून का करायचं हाय? तं लोकं आता या महाल मोहल्ल्यात पत्ता विचारत येऊन राहिले. परवा एक जण भंडाऱ्याहून आला, फोटो काढले, चहा पिला अन् गेला.

मिनल : सव्वीस आहेत ना?

देवराव : सव्वीस. वरच्या दांडीवर टांगल्या त्या दोरी ओढली की चालू होते. खालच्याईचं काम बाकी हाय. ती पिवळी पाहा, ती एकट्यानं चालतच नाही, दोन माणसं दोन्हीकून धरत तिले. तिचा कार्बोरेटर मी अकरा वर्षं धुंडला. इतवारीतले कबाडी झाले, छिंदवाड्याचे लाकूडवाले झाले, अन् भेटला कुठं तं आरमोरीच्या एका किराणा दुकानात. वहीची पानं उडू नये म्हून वजन ठेवलं होतं त्याचं. त्या माणसाले नवीन वजन घेऊन देल्लं तवा सोडला त्यानं.

मिनल : आणि एक मॉडेल अजून मिळालं नाही म्हणालात.

देवराव : हाव. लाल. स्वीडनची. इकडं मोजून चार-पाच आल्या होत्या. जाऊ द्या ते, तुमचं काम सांगा.

मिनल : तीच आणली आहे.

देवराव : थट्टा करून राहिले का बाई? सोडा ती सुतळी. कापू नका, गाठ सोडा, सुतळी कामाची असते. हं, आता पोतं खाली करा... हे कोणाचं हाय?

मिनल : माझ्या बाबांचं. जयभीम, काका. मी मिनल. काटोलला शाळेत शिकवते. कवडू रंगारींची मुलगी.

देवराव : जयभीम. बस, पोरी. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हालते. इकडं बस. कवडूची पोरगी... तू एवढीशी होती वं. चंपतराव ठेकेदाराच्या लाकडाच्या डेपोत यायची आईच्या कडेवर, अन् मशीन चालू झाली की कानात बोटं घालायची. बरा हाय का तो?

मिनल : बरे आहेत. इतकी वर्षं संत्र्याच्या बागांत छाटणीला जायचे, यंदा सोडलं. कान मात्र गेले. दिवाळीत यंत्र घेऊन दिलं, पण ते मनात आलं तरच लावतात. तुमचा व्हिडिओ मात्र यंत्र लावून तीनदा ऐकला. मग काही न बोलता माळ्यावर चढले आणि हे पोतं काढलं. मला म्हणाले, देवरावकडं नेजो. पण त्यानं तुझ्यासमोर उघडलं पाहिजे. तू मधात बोलजो नको, काय निघते तेवढं पाहून येजो.

देवराव : असं म्हणाला?

मिनल : तेवढंच. तुम्हाला माहीत आहे ते किती बोलतात.

देवराव : मंग असं कर, मशीन ठेवून जा. तीस-बत्तीस वर्षांचा गंज हाय, नट असे खुलत नाहीत. दोन दिवस रॉकेलात भिजवीन. पुढच्या आठवड्यात येजो.

मिनल : काका, गंज नाहीये. दर दिवाळीला ते तिला तेलाच्या फडक्यानं पुसायचे. आई म्हणायची, घरच्या माणसांची नाही एवढी सेवा हिची. आणि उघडायची मी इथं असताना, असं सांगितलंय. मी आज सुट्टी टाकून आलेय.

देवराव : ...बरं. तो दहाचा पाना दे इकडं. त्याच्या बाजूचा. हं.

मिनल : नटावर हा लाल ठिपका कसला?

देवराव : माहा हाय तो. काम झालं की मी प्रत्येक नटावर रंगाचा ठिपका देतो. मागून कोणी पाना लावला तं ठिपका फुटते अन् मले समजते, माह्यानंतर दुसऱ्याचा हात लागला. पहिल्या दिवसापासूनची सवय. हे पाय, एकबी ठिपका फुटला नाही. बत्तीस वर्षं घरात मशीन, अन् यानं एक नट फिरवला नाही.

मिनल : बाबांना उघडता येत नव्हती?

देवराव : कवडूले? अर्धी मशीन त्यानंच मले शिकवली. तो कटाई करणारा अन् मी मिस्त्री, पण कुठून आवाज येते हे तो झाडाखाली उभा राहून सांगत जाय. त्याले उघडता येत होती. उघडली नाही.

मिनल : काका, एक विचारू? मला मधे बोलू नको म्हटलंय, पण हे माझं आहे. लोक त्यांना कोरडा कवडू का म्हणतात? लहानपणी मला कोरड्याची पोट्टी म्हणायचे. मला वाटायचं, बाबा कमी बोलतात म्हणून असेल. माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं तेव्हा पलीकडचा एक पाहुणा म्हणाला, हे तेच का, डेपोतले कोरडे? बाबा तिथून उठून बैलाला पाणी पाजायला गेले. बैल सकाळीच विकला होता.

देवराव : ते नाव... ते डेपोतलं हाय.

मिनल : तुम्ही होता ना तिथे?

देवराव : होतो. ऐक. या मशिनीत नुसतं पेट्रोल चालत नाही. पेट्रोलात मोजून तेल मिसळा लागते, तेच आतल्या पुर्ज्याईले ओलं ठेवते. तेल विसरलं का मशीन कोरडी चालते अन् पाच मिनिटात जाम होते. कटाई करणाऱ्यासाठी याच्याहून मोठी बदनामी नाही. ड्रायव्हरनं बिना ब्रेकची गाडी काढल्यासारखं हाय ते. तं ही मशीन जाम झाली. कवडूच्या हातात. स्वीडनची, लाल, चंपतराव जिवापाड जपे तिले. चंपतरावनं मले बोलावलं, म्हणे, मिस्त्री, का झालं? मी दोरी ओढून पाह्यली, दोरी हालेना. म्या म्हटलं, कोरडी चालवली यानं.

मिनल : उघडून पाहून?

देवराव : नाही.

मिनल : न उघडता?

देवराव : कवडू म्हणत होता, मी तेल टाकलं हाय, देवराव, तू उघडून पाय. पुऱ्या हमालाईसमोर म्हणत होता. मी नाही उघडली. दुसऱ्या दिवशी त्याले डेपोतून काढला. कोणत्याच ठेकेदारानं मंग मशीन देल्ली नाही त्याच्या हातात. ही मेलेली मशीन भंगारात चालली होती, तं शेवटच्या पगाराच्या बदल्यात हीच मागून नेली त्यानं. सारे हासले. समोर तो लहानूचा पानठेला हाय ना, हा लहानूबी तवा डेपोत हमाल होता. अजून विचारते मले, आपला कोरड्या कुठं असते गा आजकाल? अन् मी सांगतो, काटोलले असते.

मिनल : हा शेवटचा नट ना?

देवराव : शेवटचा. सरक जरा, उजेड येऊ दे.

(सिलिंडर निघतो. देवराव पिस्टन फडक्यानं पुसतो, चष्मा काढून परत लावतो.)

मिनल : काका?

देवराव : जुनी मशीन हाय पोरी. जुन्या मशिनीचं का सांगाव. त्याले सांगजो, आता काही नक्की समजत नाही म्हणा.

मिनल : काका, मी शाळेत पोरांच्या वह्या तपासते. उत्तर येत नाही तो वेगळा दिसतो आणि लपवतो तो वेगळा. उघडल्यावर काय ते सांगायचं, हा तुमचाच नेम आहे ना?

देवराव : ...पाणी दे थोडं. त्या माठातलं.

मिनल : घ्या.

देवराव : आता इकडं पाय. हात लाव, घाबरू नको. कोरडी चालली असती तं हा पिस्टन चारी बाजूनं खरवडून गेला असता. हा कसा हाय? काळा, तेलकट, चिकणा. तेल होतं. कवडूनं तेल टाकलं होतं, अन् बरोबर टाकलं होतं. खरवडलं फक्त इथं, एकाच जागी, वरपासून खालपर्यंत. अन् ही रिंग तुटलेली. आता पिस्टनच्या डोक्यावर पाय, काही दिसते?

मिनल : बाण आहे. छोटासा.

देवराव : हा बाण सायलेन्सरकडं पाहिजे. धुराच्या बाजूले. हा कुठं हाय?

मिनल : उलटा आहे. म्हणजे?

देवराव : म्हणजे पिस्टन उलटा बसला. उलटा बसला का रिंगचं तोंड धुराच्या भोकावर येते, चार दिवस चालते, मंग अटकते अन् तुटते. कटाई करणाऱ्याच्या हातात नाही ते. ते बसवणाऱ्याच्या हातात. अन् माह्यानंतर कोणाचा हात लागला नाही, ते ठिपके तू पाह्यलेच.

मिनल : तुम्ही बसवला होता.

देवराव : चार दिवस पहिले, सफाईसाठी खोलली होती तवा. त्या दिवशी माहं साक्षगंध होतं, हिंगणघाटले. चंपतराव म्हणे, मशीन झाल्याशिवाय जायचं नाही. मी घाईघाईनं बसवून राहिलो, अन् दारात तुहा बाप उभा. इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पेढ्याचा डब्बा. म्हणे, आवर गा देवराव, बस सुटन, नवरीकडले वाट पाहून राहिले असतील. माह्या साक्षगंधाचे पेढे त्यानं वाटले, पोरी.

मिनल : मग जाम झाली तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?

देवराव : ठाऊक नव्हतं. पण शंका आली. दोरी ओढली अन् वाटलं, घाईत काही राह्यलं तं नाही? उघडली असती तं समजलं असतं. म्हूनच नाही उघडली. लग्न ठरलं होतं, नोकरी गेली असती तं पोरगी कोण देते? मी त्याले कोरडा म्हटलं अन् घरी जाऊन जेवलो. तवापासून न उघडता कोणत्याच मशिनीबद्दल बोलत नाही मी. लोक म्हणते, देवराव मिस्त्री मोठा नेमाचा माणूस.

मिनल : आणि ही लाल मशीन शोधत राहिलात.

देवराव : कवडूचं दार सोडून साऱ्या जागी धुंडायचो, अन् भेटू नये असंबी वाटे. थांब. तो वरचा बामचा डब्बा काढ. हं, उघड. जपून.

मिनल : रिंग आहे. नवी कोरी, कागदात.

देवराव : याच मशीनची. जबलपूरच्या एका म्हाताऱ्याच्या दुकानात भेटली, चौदा वर्षं झाली. बायको म्हणे, मशीन नाही तं रिंग कायले? मी का सांगू तिले. पिस्टन चालून जाईन, सिलिंडर घासून घेईन, अन् ही रिंग टाकीन. मशीन चालू होईन. पण माह्या दांडीवर नाही टांगायची ती. कवडूच्या घरी जाईन. मी स्वतः घेऊन येतो.

मिनल : हे त्यांना तुम्ही सांगा. आत्ता. फोन लावते.

देवराव : येतो ना मी काटोलले. तोंडावर सांगतो.

मिनल : बत्तीस वर्षं झाली, काका. हे घ्या, स्पीकरवर टाकलाय. मोठ्यानं बोला मात्र. यंत्र लावलं असेल की नाही, सांगता येत नाही.

कवडू : हॅलो. मिनल?

देवराव : कवडू. मी देवराव बोलून राहिलो.

कवडू : हं. उघडली का?

देवराव : उघडली. तेल होतं, कवडू. चूक माही होती.

कवडू : काय म्हणते? आवाज येत नाही.

देवराव : म्या म्हटलं, तेल होतं. चूक माही होती, पिस्टन मी उलटा बसवला.

कवडू : कोण उलटा? घरघर येऊन राहिली नुसती. दुकानाच्या बाहेर ये गा, रेंज नसन.

मिनल : चला काका, पायरीवर या. फोन मी धरते.

देवराव : ऐक, कवडू! तू तेल टाकलं होतं! मशीन कोरडी चालली नाही! पिस्टन मी उलटा बसवला, मी, देवरावनं, अन् नाव तुहं घेतलं! डेपोत मी खोटं बोललो! आता आलं का ऐकू?

कवडू : व्हिडिओत समोर लहानूचा पानठेला दिसला होता. उघडा हाय का आता?

देवराव : हाय.

कवडू : लहानू?

देवराव : हातातलं पान ठेवून उभा हाय. सलूनवालाबी बाहेर आला, अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक घेऊन. पुरी गल्ली पाहून राहिली माह्याकडं.

कवडू : लहानूले ऐकू आलं?

देवराव : पुऱ्या महालले आलं, कवडू.

कवडू : बरं झालं. मले तं पहिल्याच खेपेले आलं होतं.