बोंबलांवर धरलेलं यंत्र

अजूनही कोणी 'प्रोजेक्ट' म्हटलं की मला सुके बोंबील आठवतात. दहावीत विज्ञान प्रदर्शनासाठी मी विषय घेतला होता, आपल्या जेवणातला किरणोत्सर्ग. मार्गदर्शक होते तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कॉलनीतले एक इंजिनियर. एका रविवारी ते सर किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र घेऊन एडवणला आमच्या घरी आले. चहा झाला आणि मी यंत्राची नळी आईच्या सुक्या बोंबलांवर धरली. यंत्र जे कडकडायला लागलं, ते थांबेचना.

दुपारी आम्ही तेच बोंबील जेवलो होतो, आणि सकाळी आईने त्यांचीच पाटी बाजारात विकली होती.

सरांचाही चेहरा उतरला. मग त्यांचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं. "हे घड्याळ कोणाचं?"

"बाबांचं. अंधारात चमकतं."

"काढ ते. त्यात रेडियम आहे."

घड्याळ लांब ठेवलं तसं यंत्र गप्प झालं. मला रडूच फुटलं.

आईने एक बोंबील चुलीत भाजला आणि सरांपुढे ठेवला. "आता भ्या नाय ना? मंग खावा."

सर म्हणाले, "आज माझा उपास आहे."

अर्ध्या तासापूर्वीच त्यांनी चहात बुडवून चार बिस्किटं खाल्ली होती.

तो बोंबील मग कोणीच खाल्ला नाही.