दैवशालाच्या हाताची वाट

"हॅलो? दैवशाला? अगं मी सगुणा, कंपनीच्या ऑफिसातून… हो, मोसंबीच्या कंपनीतून. न्हाई गं, भांडण न्हाई झालं. ऐक तर."

तीर्थपुरीच्या त्या ऑफिसामागं पाण्याच्या टाकीला टेकून सगुणाबाई बोलत होती. हसू काही केल्या आवरत नव्हतं.

"आपल्या दोघींचे मालक बैठकीतून बाहेर काढले… खरंच. नवा साहेब आलाय. म्हणला, नियमानं बाया संचालक केल्या ना, मंग बायाच बसतील. नवऱ्यानं येऊन सही केलेली चालणार न्हाई. आमचे हे ओट्यावर मोसंबी सोलून राह्यलेत… तुझे? सांगते, दम धर.

काय? बळंच घेतलेली बाई काय बोलणार? अगं, बळंच तर बळंच. नियम नसता तर आपल्याला चहा करायलाच बोलावलं असतं… लायकी? ती बसल्यावर कळंल ना. त्यांची कुणी तपासली होती?

हां, मुद्द्याचं ऐक. मोसंबी निवडायच्या शेडपाशी बायांचा संडास बांधायचा का नवा वजनकाटा घ्यायचा, पाचही संचालकांचं मत घेऊन राह्यले. रखमाजी अन् आदिनाथ काट्याकडून. मी अन् कल्याणभाऊ संडासाकडून. तुझाच हात राह्यलाय… मागल्या बैठकीत तू काट्याला हो म्हणली होतीस. म्हंजी तुझ्या नावानं तुझे मालक म्हणले… तुला ठाऊकच न्हाई? घ्या आता."

सगुणाबाईचा आवाज आपसूक खाली आला.

"दैवशाला, आपण दिवसदिवस पाणी न पिता बसायचो गं त्या शेडात. इसरलीस?… मंग ये ना.

भाकरी राहू दे. घरातलं लुगडं चालंल, केस तेवढे विंचर. गाडी? तीच तर गंमत. साहेबानं राधेश्यामभाऊंनाच धाडलं तुला आणायला… हो, तुझ्याच मालकाला. तोंड एवढंसं करून गेले बिचारे.

हॉर्न वाजला? आले? मंग बस जल्दी. अन् ऐक… वाटेत काट्याचं समजावतील, हो हो म्हण. इथं आल्यावर मात्र माझ्याकडं बघून हात वर कर… हसू नको, ते बघतील.

चल, ठेवते. आणि हो, त्यांना म्हणावं, गाडी सावकाश चालवा. मागं संचालक बसलीय."