पोतनीस मास्तरांनी चाकं घरात नेली

मंडळी, जरा पुढे सरका आणि मला सांगा — आपली वस्तू सांभाळायची, की वापरायची? सांभाळायची म्हणता? बरं, मग ऐका!

आमच्या सासुरवाडीला पोतनीस मास्तर होते. गावाचं नाव सांगत नाही, तिथून अजून आमंत्रण यायचंय! मास्तर निवृत्त झाले आणि त्यांनी चारचाकी घेतली. लावायची कुठे? घरासमोर, रस्त्यावर! आणि त्याच आठवड्यात शेजारच्या अन्वरभाईंच्या गाडीचे दोन्ही आरसे गेले. दिवसाढवळ्या!

मास्तर हादरले. पाना घेतला, स्वतःच्या गाडीचे आरसे काढून कपाटात ठेवले! मग वाटलं, वायपर नेले तर? वायपर देव्हाऱ्यामागे! बॅटरी कॉटखाली! शेवटी चारही चाकं माजघरात, आणि गाडी विटांवर!

बायको, सुलभाताई, म्हणाल्या, "अहो, मग ती बाहेर तरी कशाला ठेवलीत?"

"तुला नाही कळायचं! आता चोर फिरकणार नाही!"

खरंच की! चोर आला असेल, तर हात जोडून गेला असेल — माझ्या आधी कुणीतरी थोर पुरुष येऊन गेला!

लेक मृणाल बाळंतपणाला आलेली. एका दुपारी कळा सुरू झाल्या!

"बाबा, गाडी काढा!"

मास्तर धावले — चाक छातीशी, पाना तोंडात! नट निसटतायत, डोळ्यांतून पाणी! "थांब गं बाळा, एवढं एक चाक बसू दे!" अहो, कळा थांबतात का?

अन्वरभाई धावत आले. "मास्तर, सोडा ते. माझ्या गाडीत बसा."

"अहो, पण आरसे नाहीत!"

"मागचं दिसत नाही, एवढंच ना? दवाखाना पुढे आहे!"

पोचले वेळेत. नात झाली, सुखरूप! मास्तर तिला बघून घरी आले — तर गाडीच नाही! नगरपालिकेनं बेवारस भंगार समजून उचलून नेली!

माजघरात चाकांच्या मधोमध मास्तर मटकन बसले. सुलभाताईंना वाटलं, आता रडणार. पण ते हसायला लागले! "अगं, एकसुद्धा पार्ट चोरीला जाऊ दिला नाही मी!"

हसता काय, मंडळी? देवानं तुम्हाला हे दोन हात दिलेत, ते मघापासून मांडीखाली दाबून बसलात! कोण नेणार आहे ते? काढा बाहेर! उद्या शेजाऱ्यानं हाक मारली की लागतील — आज टाळी तरी वाजवा!