जिप्सीत सहाच माणसं

...नाही, तुम्हीच सांगा, सिंहाले टाइमटेबल असते काय? असते काय जी? पण माह्या बाबाले पाह्यजे! मी आपला मोबाइल समोर धरून समजावून राहिलो, की बाबा, गीरमध्ये सकाळी आणि दुपारी सफारी निघते, जिप्सीत बसायचं, जंगलात फिरायचं, नशीब असलं तर सिंह दिसते. तर चष्मा वर करून विचारतात काय, "किती वाजता येते?" म्हटलं कोण? "सिंह." अहो बाबा, तो येत नसते, आपण जातो. "म्हणजे फिक्स काहीच नाही? मग एवढं मोठं जंगल चालवतात तरी कसे?"

तुम्हाले सांगतो, धर्मपाल टीसी म्हणतात त्यांना. जिंदगी गेली रायपूर-नागपूर गाडीच्या डब्यात काळा कोट घालून, त्यांच्या हिशोबानं जगात प्राणी दोनच प्रकारचे, कन्फर्म आणि वेटिंग. आणि कोणत्याही संकटावर औषध एकच. बर्थवर चौघं बसले, पाचवा उभा आहे? "सरका जी, ॲडजस्ट होऊन जाते." घरात पाहुणे जास्त, गाद्या कमी? "ॲडजस्ट होऊन जाते." पोट्ट्याले इंजिनीअरिंग जमून नाही राहिली, तो रडून राहिला? ...तेही ॲडजस्ट होऊन जाते!

मी नाही झालो ॲडजस्ट. तिसऱ्या वर्षी सोडलं कॉलेज. काहून सोडलं ते तुम्ही तरी विचारू नका, आमच्या रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या एकेका घरानं विचारून झालं आहे. मले जंगलात काम करायचं होतं. कान्हाजवळ एक कॅम्प आहे, तिथं पोट्ट्यांना गाइडचं ट्रेनिंग देतात, पावलं ओळखायची, आवाज ओळखायचे. मी निवडलो गेलो होतो. खरंच. तर बाबांनी अट घातली. "यशोधन, तू आजवर एक काम शेवटापर्यंत नेलं नाही. तुया आईले सिंह पाह्याचा आहे. घरच्या सहा जणांची ट्रिप धड जमवून दाखव, मग जा कान्हाले. नाही जमलं तर गुपचूप प्रफुल्लसंग सिलतऱ्याले जायाचं." प्रफुल्ल म्हणजे माझा काका, सिलतऱ्याच्या प्लांटात डिस्पॅचले आहे, कच्च्या लोखंडाचे, म्हणजे स्पंज आयर्नचे ट्रक रवाना करते आणि घरी येऊन राखाडी रंगाचं शिंकते.

आणि आईचं म्हणाल, तर तिची मागणी काही वावगी नव्हती. म्हणे, "अशोकस्तंभावर लहानपणापासून पाहून राहिली, जिवंत एक तरी पाहू दे."

मग मी बसलो ना जी प्लॅनिंगले! गीरचे सिंह, बिबटे, मग कच्छच्या छोट्या रणात रानगाढवं, वाळवंटातले कोल्हे... नकाशा काढला, हवामान पाहिलं, सगळं. हॉलमध्ये बैठक बोलावली. प्रफुल्लकाका चहा फुरकत म्हणते, "अबे, सिंह पाह्याले गुजरात काहून? नवा रायपूरच्या सफारीत बसमधून दिसते. एसी बस." म्हटलं काका, तो जाळीतला आहे. "मग चांगलंच आहे ना, पळून नाही जाणार." नीलिमाकाकूले तर रणच पसंत नाही. "इतक्या दूर जाऊन गाढवं पाह्याची? एक तर हे घरीच बसलं आहे, कॉलेज सोडून." सगळे हसले. बहीण अस्मिताही हसली, जिच्या प्रत्येक असाइनमेंटची चित्रं मी काढून दिली, ती!

बरं, मी फक्त एवढंच बोललो की भडक कपडे नका घालू, जंगलात जंगलाच्या रंगाचे घाला. झालं! काकू दुसऱ्याच दिवशी पंडरीच्या होलसेल मार्केटात, आणि आली ती पोपटी कापडाचा अख्खा तागा घेऊन. पोपटी! असा, की सिग्नलवर उभं राहिलं तर गाड्या सुटतील. म्हणे, "जंगल हिरवंच असते ना?" अहो काकू, गीरचं जंगल उन्हाळ्यात वाळून तपकिरी झालेलं असते. "मग आपण उठून दिसू."

तरी मी शांत होतो. खरं सांगतो, शांत होतो. परमिटाची शेवटची एकच जिप्सी उरली होती त्या तारखेले, तीही सापडली. सहा माणसं. बाबा, आई, काका, काकू, अस्मिता, मी. एकेकाचं नाव, एकेकाचं आधार, मी भरून राहिलो, आणि तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. गोंदियाची यामिनीआत्या.

आता इथं तुम्हाले आमच्या खानदानाचा रिवाज सांगितला पाह्यजे. अहमदाबादची गाडी गोंदियावरून जाते. आणि आमच्या घरचा माणूस गोंदियावरून जाऊन राहिला अन आत्याले सांगितलं नाही, तर तो आमच्यात गुन्हा आहे, गुन्हा! सांगितलं की आत्या प्लॅटफॉर्मवर डबा घेऊन येणार. पुऱ्या, वांग्याची भाजी, ठेचा. गाडी सुटेपर्यंत खिडकीतून विचारपूस करणार. मी बाबाले हातानं इशारा करून राहिलो, नका सांगू, नका सांगू... "जय भीम यामिनी! अगं, आम्ही सगळे सिंह पाह्याले चाललो! ...तू काहून नाही? अगं ये ना मग! तू काय परकी आहे? ॲडजस्ट होऊन जाते!"

ॲडजस्ट!

म्हटलं बाबा, जिप्सीत सहाच माणसं. "सरकून बसू." सरकायचं नसते, नियम आहे. "मग एक वेटिंग टाक, चार्ट लागता लागता क्लिअर होऊन जाईन." जंगलात वेटिंग नसते! बाबा क्षणभर माझ्याकडे असे पाहत राहिले, जसं मी रेल्वे बंद पडल्याची बातमी दिली. मग काकानं मोबाइल हिसकावला, वाचलं, आणि डोळे चमकले त्याचे. "दादा, हे पाहा, सहा मोठे आणि वर एक लहान मूल चालते!" मग काय? "यामिनीची उंची तशी कमीच आहे."

हसू नका! यावर चर्चा झाली, तुम्हाले सांगतो, गंभीर चर्चा! आत्याले तोंडी सांगायचं की कोणी विचारलं तर बोलायचं नाही, इथपर्यंत गेले हे लोक. हे मले शिस्त शिकवणारे लोक!

शेवटी काकू बोलली. गोड आवाजात. "पाहा जी, आपली पिकली पानं. यशोधन तरुण आहे, त्याची जिंदगी पडली आहे सिंह पाह्याले." सगळ्यांनी माना डोलवत हव हव केलं. बाबा म्हणाले, "बरोबर आहे." ज्या माणसानं आयुष्यभर परक्या लोकांना जागा करून दिली, त्यानं पोट्ट्याची जागा उठवली. आई तेवढी किचनच्या दारात येऊन हळूच म्हणाली, "मी राह्यते घरी, तू जा. यामिनीताईले नाही कसं म्हणू?" आता तिले सिंह दाखवायले तर हा सगळा कुटाणा! मी माझं नाव पुसलं. माह्याच बोटानं. त्या जागी आत्याचं नाव टाकलं, बटण दाबलं... कन्फर्म.

गेले. आणि अशी ट्रिप झाली म्हणून सांगतो, की एक गाडी चुकली नाही, एक हॉटेल फसलं नाही. रणात रानगाढवांचा कळप पळताना दिसला, अस्मितानं व्हिडिओ पाठवला, अर्ध्या व्हिडिओत काकूची पोपटी बाही. आणि गीरवरून आईचा फोन आला. "अरे दिसला! बाजूनंच गेला. एवढं मोठं तोंड! माह्याकडे एकदा पाह्यलं, जांभई देल्ली अन झोपून गेला, अगदी तुया बाबासारखा." मी इकडे एकटा, मॅगी खाऊन राहिलो, पण खोटं काहून बोलू, तिले सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायले लावलं.

म्हटलं, चला. अट तर पूर्ण झाली! बॅग काढली, बूट झटकले, कॅम्पले कळवून टाकलं की येतो.

घरी आल्यावर बाबांनी खांद्यावर हात ठेवला. जन्मात पहिल्यांदा. "मानलं तुले. एक गोष्ट इकडची तिकडं झाली नाही." म्हटलं, मग बाबा, कान्हा? तर काका मधेच. "दादा, असा पोट्टा जंगलात वाया घालवाचा? गाड्या, वेळा, माणसं, सगळं डोक्यात. आमच्या डिस्पॅचले असाच पाह्यजे! मी साहेबाशी बोललो पण." आणि बाबा विचार करून म्हणतात काय, "बरोबर आहे. जंगलात जनावरं आपली आपली फिरतात, तिथं याच्या प्लॅनिंगचा काय उपयोग?"

समजलं? ट्रिप बिघडवली असती तर सिलतरा. जमवली, म्हणूनही सिलतरा!

आता मी ट्रक रवाना करून राहिलो. रात्री राखाडी शिंकतो. परवा जेवताना बाबा खुशीत होते. म्हणाले, "दिवाळीनंतर सगळे कान्हाले जाऊ म्हणतो, वाघ पाह्याले. यामिनीही येते. तूच ठरव सगळं." मी म्हटलं, जिप्सीत सहाच माणसं बसतात बाबा.

बाबा हसले. "हव, माहीत आहे ना. अन तुले कुठं सुट्टी आहे?"

मी भाकर खाल्ली, हात धुतले, अन सगळ्यांना मेसेज टाकला... आधार पाठवा.