खिडकीतली जागा

जर्मनीतल्या हाउसाख स्टेशनावर गाडीत चढलेल्या हेडविगबाईंना एकच जागा रिकामी दिसली, तीही खिडकीतली. पण तिच्यावर पिशवी होती आणि भोवतीच्या तीन परदेशी पोरांची तपासनीस उलटतपासणी घेत होता.

“गटाच्या तिकिटावर नावं चार, माणसं तीन. एमेका कुठंय?”

“मंगळवारी परत गेला, नायजेरियाला. इंटर्नशिप संपली त्याची.”

“मग नाव कशाला लिहिलंत?”

“सहा महिने दर शनिवारी लिहितेय, साहेब. हातानं आपसूक लिहिलं.”

“हातानं म्हणे! लिहिताना रडत कोण होतं, इलारिया?”

“गप रे माटेउस! आणि त्याच्या जागेवर पिशवी कुणी ठेवली?”

तपासनीस शिक्का मारून पुढे गेला.

“पोरांनो, मी बसू का तिथं?” हेडविगबाईंनी विचारलं.

तिघंही एकमेकांकडे बघत राहिली.

“आइनो, उचल ती पिशवी,” इलारिया म्हणाली. “बसा, आजी. पण तिथं बसणाऱ्याला एक काम असतं. बोगदा आला की जोरात ओरडायचं.”

“प्रत्येक बोगद्यात?”

“एमेकानं एकही सोडला नाही.”

“चाळीस वर्षं या गाडीनं जातेय. कधी साधं खोकलेही नाही मी.”

तेवढ्यात बोगदा आला.

पुढच्या डब्यात गेलेला तपासनीस धावत परत आला.