सोमवारी कंपनी येणार आहे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख आदरणीय सीतारामशेठ ठोंबरे, व्यासपीठावरील सर्व विश्वस्त, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते आपले प्राचार्य कॅप्टन महेंद्र वाघचौरे, सौ. दर्शनाताई, प्राध्यापकवर्ग, पालकहो, आणि मागच्या रांगांत ताठ बसलेल्या माझ्या कॅडेट मुलामुलींनो,

संस्थेचा इतिहास सांगण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. मी काळुराम भोईर, इथला बोट ड्रिलचा इन्स्ट्रक्टर. शाळा नववीत सुटली. जहाजाचे इंग्रजी नियम शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले, त्यामुळे तपशील चुकलेला मला सोसत नाही.

मघाशी सांगितलं गेलं की अकादमी या खाडीकाठी सुरू झाली. नाही. ती सुरू झाली कल्याणच्या बाजारपेठेत, कांद्याच्या वखारीवरच्या माळ्यावर. एक वर्षाचा डिप्लोमा, एक फळा, आणि वासाने डोळे पुसणारे मोजके कॅडेट. इथे आल्यावर नॉटिकल सायन्सची तीन वर्षांची बी.एस्सी. सुरू झाली, नंतर मरीन इंजिनीअरिंगची चार वर्षांची बी.टेक. पहिली जहाज हाकायला शिकवते, दुसरी जहाजाचं इंजिन सांभाळायला. लग्न जमवताना दोन्ही एकच धरतात, ते असो! पण पदवी मिळाली म्हणजे अधिकारी झाला का? आधी कॅडेट म्हणून समुद्रावर दिवस काढायचे, मग सरकारी परीक्षा. आणि जहाज देते कंपनी. कंपनीने घेतलं नाही, तर पदवी भिंतीवर आणि मुलगा घरात.

कॅप्टनसाहेब आले आणि आमचं वेळापत्रक भरतीप्रमाणे लागू लागलं. ओहोटीला आपल्या खाडीत बोट चिखलात रुतते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. तरीही साहेबांचा दंडक असा, की तुकडीतला शेवटचा माणूस बोटीत बसल्याशिवाय दोर सोडायचा नाही. एकदा विनीत नावाचा कॅडेट वेळेवर आला नाही. सगळे बसून राहिले. पाणी उतरलं, बोट रुतली, आणि मग स्वारी आली. कशात अडकला होता? बॉयलर सूटला, म्हणजे कामावर घालायच्या अंगभर पोशाखाला, इस्त्री करत होता! त्या कडक इस्त्रीनिशी गुडघाभर चिखलात उतरून त्याने सगळ्यांबरोबर बोट ओढली.

त्याच तुकडीत माया होती. दिवा गावची. आपल्या बी.एस्सी.ची पहिली मुलगी. शेवटच्या वर्षी एक कंपनी आली, नाव घेत नाही. म्हणाली, सगळे मुलगे घेतो, मुलगी नको, तिच्यासाठी वेगळी केबिन नाही. साहेब म्हणाले, "मग तुकडी मिळणार नाही."

दुसऱ्या दिवशी विनीतचे वडील पोपटराव साहेबांच्या केबिनमध्ये. ते आज समोर बसले आहेत, त्यांना विचारूनच सांगतो.

"ओ कॅप्टन, एका पोरीपायी सगळ्या पोरांना घरी बसवताय? तुमचं काय जातंय?"

"पोपटराव, बसा. चहा घ्या."

"चहा नको, जहाज द्या!"

दारात विनीत उभा होता. म्हणाला, "पप्पा, त्या दिवशी बोट माझ्यासाठी थांबलेली. चला ना घरी."

पोपटराव उठले. जाताना चहा मात्र पिऊन गेले.

त्या मुलांचे हाल झाले, हे मी लपवणार नाही. कोणाला सहा महिन्यांनी जहाज मिळालं, कोणाला वर्षाने, तीही लहान जहाजं. विनीत सगळ्यांत शेवटी गेला. पण सगळे गेले. माया आज थर्ड ऑफिसर आहे.

आता आजच्या निमंत्रणपत्रिकेबद्दल. तिच्यात छापलं आहे की साहेब प्रकृतीच्या कारणाने निवृत्त होत आहेत. प्रकृती? काल सकाळी त्यांनी माझ्याबरोबर बोट ओढली, दम मला लागला. खरं कारण या सभागृहात सगळ्यांना ठाऊक आहे. ती कंपनी पुन्हा आपल्या दारात आली नाही, म्हणून साहेबांचा करार वाढवला गेला नाही. आणि साहेब जाणार हे कळताच तीच कंपनी सोमवारी येते आहे. अट तीच आहे. यंदाच्या तुकडीत सान्वी आहे, ऐश्वर्या आहे. दोघी मागे बसल्या आहेत.

साहेबांनी मला बजावलं होतं, "काळुराम, माझं कौतुक करू नका, मुलांबद्दल बोला." म्हणून शाल-श्रीफळाचे शब्द मी इतर वक्त्यांवर सोपवतो.

अध्यक्ष महोदय, मी इथला नोकर आहे, निर्णय आपला. विचारायचं इतकंच आहे की सोमवारी या दोन मुलींनी गणवेश घालून यायचं की होस्टेलवर थांबायचं? साहेब अजून आपल्या शेजारी बसले आहेत, तोवर त्यांनाही उत्तर ऐकू द्या.

आपण सर्वांनी मला शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक गेलं असेल तर थोरांनी पोटात घालावं. सूत्रसंचालक खुणावत आहेत, पण मी इतक्यात खाली बसत नाही. अध्यक्षांचं उत्तर येईपर्यंत इथेच उभा आहे.