पाच बोल्टांची चाकं

नाही, पण मला आधी एवढंच सांगा मिस्त्री, रबर नुसतं पडून पडून म्हातारं होतं ना? म्हणजे वरून काळंभोर, खाचा खोल, हात फिरवला तर नव्यासारखं, आणि आतून मेलेलं — होतं ना असं? होतंच. होत असणारच. काल रात्रभर मी छताकडे बघत हा एकच प्रश्न उलटासुलटा करत पडले होते, शेजारी ही हातपाय पसरून झोपलेली — ही दुन्या, माझी मुलगी, सप्टेंबरात पाचची झाली, नमस्कार कर गं काकांना — नाही करणार, परक्या माणसापुढे हिचं तोंड शिवलेलं असतं, घरी मात्र मिटत नाही. तर मी औषधांच्या दुकानात असते, खाली नदीकडच्या, तुम्ही पाठदुखीचं मलम घेऊन गेला होतात, आठवतंय मला — आणि दिवसभर मी काय करते, तर खोके उलटे करून तारखा वाचते. गोळी दिसायला पांढरीशुभ्र असते हो, पण तारीख गेली की गेली. टायरचंही तसंच असतं म्हणे, बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे — हे मी तुम्हाला सांगतेय! तुमचं आयुष्य गेलं यात. घाबरले की मी समोरच्याला त्याचाच धंदा शिकवायला लागते, डॉक्टरांनासुद्धा सोडत नाही.

हं, माप त्या चिठ्ठीवर लिहिलंय, पंधरा इंची. चार हवेत, हिवाळ्याचे, परवडतील असे. ते भिंतीला लावलेले, जर्मनीहून आलेले वापरलेले, ते कितीला म्हणालात, तीन हजार दिनारला एक? आणि नवे कोरे त्याच्या दुप्पट. वापरलेले घ्यायला माझी ना नाही, पण मनात येतंच ना — तिकडच्या माणसानं चांगला टायर उगाच का टाकला असेल? तुम्ही म्हणाल, त्यांना सवय असते, अर्धा झिजला की टाकतात. असेलही. पण एखादा असाही असेल ना, की गाडी कुठेतरी आपटली, आणि उरलेलं विकून टाकलं? टायर काय बोलून दाखवणार आहे? — आणि ते बारमाही? नको, बारमाही नको, उन्हाळ्यात अर्धे नि हिवाळ्यात अर्धे, तसली मी एक आहे घरात, पुरे. नवेच द्या. स्वस्तातले, पण नवे, आणि त्यावर तो डोंगर नि बर्फाच्या चांदणीचा छाप हवा. रिम नकोत, रिम आहेत, डिकीत चार चाकं आहेत हिवाळ्याची, लोखंडी रिमसकट — त्यावरचे टायर उतरवून फेका आणि नवे चढवा. गुरुवारच्या आत. गुरुवारी झ्लातिबोर चढून नोव्हा वारोशकडे जायचंय, सासऱ्यांकडे, आमची स्लावा आहे ना, घरच्या संताचा दिवस — आणि वर बर्फ पडायला लागलाय, दूधवाला सांगत होता. दुन्या, त्या टायरांच्या चवडीवर उभं राहायचं नाही, बस. बसून खा.

का फेकायचे म्हणजे? जुने आहेत म्हणून. सासऱ्यांच्या कोठारातले आहेत. गेल्या वर्षी, याच दिवसांत, त्यांनी गवतामागून ओढून काढले — “हे माझ्या जुन्या गाडीचे, धूळ खात पडलेत, तूच घे, औषधवाली” — मला ते औषधवाली म्हणतात, नाव घेत नाहीत, सहा वर्षं झाली — आणि अंगणात जॅक लावून स्वतः बसवले, सत्तरीचा माणूस, मला पान्याला हात लावू दिला नाही. मी म्हटलं, बाबा, राहू द्या, आम्ही घेऊ. तर म्हणतात, कशानं घेणार, खोकल्याच्या औषधानं? असं बोलतात ते. स्रेतेन, माझा नवरा, तो तिकडे ऑस्ट्रियात लोकांच्या घरांना छपरं घालतो, पंधरा दिवसांनी दोन दिवस येतो, आणि त्याला गाडीतलं कळतं ते इतकंच की पेट्रोल कुठून ओतायचं. तो खूश झाला. फुकटात झालं ना काम.

मग फेब्रुवारीत — आता कसं सांगू — त्यांच्याकडूनच परत येताना, बोरोवा ग्लावाच्या त्या लांब वळणावर, तुम्हाला माहीत आहे ते, जिथे वारा रस्त्यावर बर्फ आणून टाकतो — गाडी फिरली. अशी अख्खी, दीड गिरकी. आणि जाऊन बर्फाच्या ढिगात पाठमोरी बसली. आम्हा दोघींना काही नाही झालं, एक दिवा फुटला, बस. पलीकडून ट्रक येत होता, तो आम्ही थांबल्यावर आला. थांबल्यावर. मी रोज मोजते ते, किती सेकंदांनी आला असेल. सहा? सात? — हरीण आडवं आलं होतं. हो, तिथे असतात की, संध्याकाळी खाली उतरतात. हरीण आलं, मी ब्रेक दाबला, टायरांनी पकड धरलीच नाही. असं झालं.

असं मी स्रेतेनला सांगितलं, तो घरी आल्यावर. आणि त्यानं त्याच मिनिटाला बापाला फोन लावला. मी तिथेच होते, हिच्यासाठी रव्याची खीर ढवळत होते. काय काय बोलला तो — तुमच्या भंगारानं माझी मुलगी मारली असती, आयुष्यभर काटकसर करून काय कमावलंत, आम्ही उकिरडा आहोत का तुमचा. आणि पलीकडून काही नाही. एक अक्षर नाही. ज्या माणसाला टपालवाल्याशीही भांडल्याशिवाय चैन पडत नाही, तो गप्प. आणि मी ढवळत राहिले. खीर खाली लागली तरी ढवळत राहिले.

तेव्हापासून बाप-लेक बोलत नाहीत. नऊ महिने. म्हाताऱ्यानं गेल्या महिन्यात बसच्या ड्रायव्हरबरोबर डबा पाठवला — भाजलेल्या मिरच्यांचं लोणचं, साय — आणि वर चिठ्ठी, “मुलीसाठी”. मुलीसाठी, म्हणजे तुमच्यासाठी नाही. आता तुम्हीच सांगा, स्लावेला कुणी कुणाला बोलावत नाही, ज्याचं त्यानं यायचं, म्हणूनच कोण आलं नाही ते सगळ्या गावाला दिसतं. तो मोठा पाव बाप एका बाजूनं धरतो नि मुलगा दुसऱ्या बाजूनं, फिरवतात आणि मोडतात — दुसऱ्या बाजूला हात कुणाचा लावणार? शेजाऱ्याचा? मी स्रेतेनच्या किती विनवण्या केल्या. शेवटी म्हणाला, येतो, पण त्यांच्या टायरवर माझी मुलगी तो घाट चढणार नाही, नवे घे, त्यांना दिसू देत. म्हणून आलेय. त्यांना दिसावेत म्हणून. ऐकायलाच किती वाईट वाटतं, नाही?

अहो, डिकीतले ते कशाला बाहेर काढताय? फेकायचेच आहेत. — बरं, बघा. बघाच. मला पण वाटतंय तुम्ही बघावं. एका कागदावर लिहून द्याल का, तुमच्या दुकानाच्या शिक्क्यासकट, की हे बाद आहेत? म्हणजे स्रेतेनला दाखवायला नाही, मला — माझ्यासाठी. — किती? साडेसात मिलिमीटर? चार लागतात ना कायद्यानं? पण खाचेचं काय, खाच असेलच, वापरलेच नाहीत तर झिजणार कशानं! कोठारात पडून होते म्हणतेय ना मी. नख लावून बघा. दाबून बघा, थंडीत दगडासारखे होतात जुने. — मऊ आहे? तुमचा हात रबराचाच झालाय, मिस्त्री, तुम्हाला सगळंच मऊ लागणार. चिडू नका. सॉरी. तारीख बघा. तारीख बघा ना.

मी नाही बघितली. हसताय तुम्ही. बरोबर आहे, हसा — फेब्रुवारीत डोळ्यांसमोर होती चाकं, मार्चमध्ये उतरवली, तेव्हापासून आमच्या तळघरात होती, माझ्याकडे बॅटरी आहे, आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांवरची मुंगीएवढी तारीख मी चष्म्याशिवाय वाचते. तीनदा खाली गेले. तीनदा काहीतरी दुसरंच घेऊन वर आले, एकदा तर बटाटे.

तीन-पाच... दोन-तीन. तेवीस सालातला पस्तिसावा आठवडा. म्हणजे ऑगस्टची अखेर. गेल्या सालची. नाही, तुम्ही उलटं वाचताय. दुसरा बघा. — आणि हा? — आणि हा? चारही?

मग बसवले तेव्हा अडीच महिन्यांचे होते. मग कोठारात कधी पडून — ते तर म्हणाले, जुन्या गाडीचे. जुनी झास्तावा होती त्यांची, कसल्याशा पिवळट रंगाची, नजर अधू झाल्यावर विकली. काय? किती बोल्ट? झास्तावाला चार. तुम्हाला खात्री आहे? असणारच, तुमची हयात तिच्याखाली आडवं पडण्यात गेली. आणि ह्याला — थांबा, मला मोजू दे. एक, दोन, तीन, चार. पाच.

पाच.

म्हणजे ही चाकं त्यांच्या गाडीला कधी लागलीच नसती. त्यांनी आणली. रिमसकट आणली, आमच्या गाडीचं माप काढून — कधी काढलं असेल, मी आत भांडी घासत होते तेव्हा? — आणि गवतात लोळवून, धूळ चोपडून मला दिली, की मी नको म्हणू नये. आणि मग पोरगा फोनवर भंगार भंगार म्हणून ओरडत होता आणि त्यांनी एकदाही — एवढंच म्हणायचं होतं ना, अरे गाढवा, नवे आहेत! एकच वाक्य. नाही बोलले. का नाही बोलले ते? बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता ना, मिस्त्री. टायर नवे, तर मग गाडी फिरली कशी?

नाही, पाणी नको. बसते मी जरा. ह्या नव्यांच्या ढिगाऱ्यावर बसले तर चालेल?

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. टायर वाईट निघाले असते ना, तर सगळं आपापल्या जागी राहिलं असतं. स्रेतेन खरा, मी खरी, आणि म्हातारा एकटा खोटा, त्याला सवय आहे. काल रात्रभर मी हीच प्रार्थना करत होते — लोक देवाकडे आपल्या गाडीचे टायर चांगले असू देत म्हणून मागतात, आणि मी — एका आईनं असं मागावं. कारण हरीण नव्हतं. कुठलं हरीण! रस्ता मोकळा होता, पांढरा, लांबवर दिसत होता. हिनं मागून संत्र्याची फोड मागितली. मी म्हटलं, थांब, घरी गेल्यावर. तर पुन्हा मागितली. मी सोललेलं संत्रं शेजारच्या सीटवर ठेवलं होतं, एक फोड घेतली आणि मागे वळले. किती वेळ, दोन सेकंद, तीन — हिचा हात पोचत नव्हता, मी आणखी वळले, आणि पुढे पाहिलं तर रस्ता माझ्यासमोर नव्हताच, बाजूला होता. मग ब्रेक. सगळं मी केलं. त्या टायरांनीच थांबवलं आम्हाला, नाहीतर सहा सेकंद कुठून मिळाले असते? हरीण नंतर सुचलं. स्रेतेननं विचारलं, तोंड उघडलं, आणि ते बाहेर पडलं, शिंगांसकट. आणि एकदा बाहेर पडल्यावर लोकच त्याला चारापाणी घालत गेले, सासूबाई म्हणाल्या, मोठं होतं का गं? मी म्हटलं, मध्यम.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. तुम्हाला का सांगितलं कोण जाणे. पाना हातात घेऊन असे गप्प उभे राहता तुम्ही, माणूस काय करणार?

हेच बसवा. हो, हेच, पाच बोल्टवाले. नवे ठेवा वर परत, तुमचा वेळ घेतला, माफ करा. कागद नको. आणि गुरुवारी तो पाव धरायच्या आधी मी सांगणार आहे, सगळ्यांसमोर, पाद्री असला तरी. सांगेन की हरीण नव्हतं. स्रेतेन काय म्हणायचं ते म्हणू दे. सांगेन. आता तुमच्यापुढे बोललेय, म्हणजे मागे फिरता येणार नाही — बघू नका असे माझ्याकडे, लावा जॅक, मागे तीन गाड्या उभ्या आहेत. दुन्या, चल, उतर आता, काकांना काम करू दे. किती शहाण्यासारखी बसली होतीस. काय? काय गं, मोठ्यानं बोल, हवेच्या पंपाचा आवाज आहे —

“होतं हरीण. तू मला संत्रं द्यायला मागे वळली होतीस ना आई, म्हणून तुला दिसलं नाही.”